ऊस हंगामातला वर्ग आणि नाटकाचा तास

प्रश्न करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेचा आहे: "माझ्याकडे सहावीचा वर्ग आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात येतात. गावातली मुलं त्यांना 'बीडवाले' म्हणतात, त्यांच्या बोलण्याची नक्कल करतात, पोषण आहाराच्या पंगतीत त्यांच्याशेजारी बसत नाहीत. मूल्यशिक्षणाचे पाठ झाले, फळ्यावर सुविचार झाले. नाटक, चित्र, गाणं यांतून काही होतं का? होत असेल तर आठवड्याला एका तासात काय करावं? मला स्वतःला कला फारशी येत नाही."

मॅडम, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. कला येत नसणं या कामात आड येत नाही. उलट ज्या शिक्षकाला नाटकातलं कळतं तो आवाज पोचतोय का, प्रेक्षकांकडे पाठ होतेय का, यातच गुंततो. तुम्हाला हवंय ते वेगळं आहे. गावातल्या पोराला कोपीतल्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतल्या, पोराचा दिवस कसा जातो ते कळावं, आणि कोपीतल्या पोराला या वर्गात आपलंही काही चालतं असं वाटावं. त्यासाठी मुलांना बोलतं करता येणारा आणि स्वतःला गप्प बसता येणारा माणूस लागतो. यातलं दुसरं जास्त अवघड आहे, आपल्या धंद्यात तर फारच.

आता, काही होतं का? होतं, पण प्रयोगात नाही, तालमीत. आपल्याकडे शाळेतली कला म्हणजे स्नेहसंमेलन. गाणी ठरतात, ड्रेपरीवाल्याकडून कपडे येतात, स्पीकरवर गाणं लागतं आणि पुढच्या ओळीत नेहमीचीच चार मुलं नाचतात. ऊसतोडीच्या घरात ड्रेसच्या भाड्याला पैसे नसतात, म्हणून ती मुलं समोर मांडी घालून बघत बसतात. वर्गात जे अंतर आहे तेच मंचावर दिवे लावून दाखवलं जातं. स्नेहसंमेलनाला माझा विरोध नाही, गावाला तो आनंद हवाच असतो. पण त्यातून मुलांची सामाजिक जाण वाढली असं कुणी अहवालात लिहिलं, तर ते अहवालातच राहू द्या.

तालमीत होतं असं मी म्हणतो त्याला थोडा आधारही आहे. कॅनडात टोरांटोमध्ये ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञानं सहा वर्षांच्या १४४ मुलांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना कीबोर्ड शिकवला, काहींना गायन, काहींना नाटक, आणि काहींना त्या वर्षी काहीच नाही. बघायचं होतं ते संगीतानं बुद्ध्यांक वाढतो का, आणि तो थोडासा वाढलाही. पण इतरांशी जुळवून घेऊन वागण्यात जी मुलं पुढं गेली ती नाटकाच्या गटातली. संगीताच्या गटांत तसं आढळलं नाही. ही माहिती पालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीतून आलेली आहे, तेव्हा ती तेवढ्याच मापानं घ्या. पुढं २०१२ मध्ये थालिया गोल्डस्टीन आणि एलेन विनर यांनीही अभिनय शिकणाऱ्या मुलांची तुलना इतर कला शिकणाऱ्या मुलांशी केली, तेव्हा अभिनयाच्या बाजूला दुसऱ्याबद्दलची कणव वाढलेली दिसली. एवढ्यावरून "नाटक करा, भेदभाव घालवा" असं म्हणता येत नाही. पण वेळ फुकट जाणार नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करू. दुसऱ्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, त्याच्या मनात काय चाललंय, हे मुलांना साधारण चार-पाच वर्षांची झाल्यापासून ओळखता येऊ लागतं. तुमच्या सहावीच्या मुलांकडे ही ताकद भरपूर आहे. नसती तर त्यांना इतकी नेमकी टिंगल करता आली नसती. कुठं बोललं की लागतं हे त्यांना बरोब्बर कळतं. तेव्हा कमी आहे ती जाणीव नव्हे. ती या मुलांसाठी चांगल्या अर्थानं वापरण्याचा प्रसंगच त्यांच्यावर कधी येत नाही. नाटकाच्या तासाला तो प्रसंग आणायचा, बस्स.

मी घेतो तो तास सांगतो. विषय: पहाटेची कोपी. पाच-पाच मुलांचे गट करायचे, गावातली आणि बाहेरची मिसळून. गट तुम्ही पाडा, मुलांवर सोडू नका, नाहीतर पंगतीचंच चित्र परत उभं राहील. प्रत्येक गटानं पहाटे चारची कोपी पुतळ्यासारखी उभी करायची. बोलायचं नाही, हलायचं नाही. बाकीच्यांनी ते चित्र वाचायचं: कोण झोपलंय, कोण चुलीपाशी आहे, लहान पोर कुणाच्या कडेवर आहे, आणि ज्याच्या कडेवर आहे त्याचं वय काय असेल? मग तुम्ही एकेका पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात ठेवला की त्या माणसाच्या मनात आत्ता जे चाललंय ते एका वाक्यात बोलायचं. एवढ्यानं अर्धा तास जातो, आणि त्यासाठी काहीही आणावं लागत नाही.

त्या चित्रात दम यायचा तर मुलांना थोडी माहिती लागते, आणि तुमच्या वर्गात ती आयती बसलेली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी तोडणीची टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती तोडून फेडायची असते. खाडा झाला की पैसे कापले जातात. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून नेऊन गाडी किंवा ट्रॉली भरायची, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून वरखर्चाचे चार पैसे करायचे. हे सगळं त्या मुलांना तोंडपाठ असतं, आपण मात्र त्यांना कधी विचारलेलं नसतं.

गावातल्या मुलांच्या डोक्यात उसाची दुसरी बाजू असते, आणि तीही खोटी नाही. घरात रोज तेच बोलणं चाललेलं असतं: टोळी मिळेना, ऊस वाळाय लागलाय, टोळीवाले खुशाली, म्हणजे मजुरीवर वरचे पैसे, मागतात, ट्रॉलीवालाही एन्ट्री म्हणून वरचे पैसे मागतो. पोराच्या तोंडची टिंगल पुष्कळदा घरातल्या या कुरबुरीतून आलेली असते. तिला वर्गात यायला दार ठेवलं नाही, तर मुलं तुमच्यासमोर गोड बोलतील आणि फाटकाबाहेर पुन्हा तेच करतील.

कागलच्या बाजूच्या एका शाळेतला तास मला चांगला आठवतो. पुतळे झाले, मग प्रश्नांची खुर्ची मांडली. खुर्चीत बसेल तो त्या गोष्टीतला माणूस, आणि वर्गानं त्याला काहीही विचारायचं, असा हा खेळ. खुर्चीत एक गावातली मुलगी बसली, घरचा ऊस असलेली. ती झाली होती कोपीतली थोरली पोर. पहिला प्रश्न आला, "तू शाळेत का येत नाहीस?" ती म्हणाली, "मला शाळा आवडत नाही." मागून एक मुलगा, जो आल्यापासून हजेरीपलीकडे फारसा बोलला नव्हता, तो पटकन म्हणाला, "आवडती की. पण बारकं कुणापाशी ठिवायचं?" मुलीनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं, जरा थांबली आणि खुर्चीतूनच वर्गाला म्हणाली, "आई कामाला जाते. तिनं खाडा केला तर पैसे कापतात. म्हणून भावाला मी बघते." मग पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि त्यानं घरचं गाऱ्हाणं सरळ टाकलं: "मग तुमची माणसं आमच्याकडं खुशाली का मागतात?"

वर्गशिक्षक मध्ये पडणार होते, मी हातानं थांबवलं. खुर्चीतली मुलगी म्हणाली, "ते मला काय माहीत? बाबाला विचारा." रास्त उत्तर होतं. बाबा खुर्चीत आला. बाबानं मुकादमाकडं बोट दाखवलं, मुकादम आला. त्यानं कारखान्याकडं दाखवलं. शेवटी वर्गानं ऊसवाल्या शेतकऱ्यालाही बसवलं, आणि त्याचीही उलटतपासणी झाली. तास संपेपर्यंत खुशालीचा निकाल काही लागला नाही. पण "तुमची माणसं" हा शब्द दुसऱ्या खुर्चीनंतर कुणी वापरला नाही, आणि प्रत्येक माणसाचं काहीतरी अडलेलं आहे हे सगळ्यांनी ऐकलं. त्या तासाला तात्पर्य जोडायचं नसतं. शिक्षकानं "तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" म्हटलं की मुलं सुविचाराची भाषा बोलू लागतात आणि झालेलं काम तिथंच थांबतं.

मागून बोललेला तो मुलगा खुर्चीत बसला नव्हता, हे ध्यानात घ्या. ज्या मुलाचं जे जगणं आहे, तेच त्याला सगळ्यांसमोर करून दाखवायला लावायचं नाही. आपला मोठेपणा त्यात सुखावतो. पोराची मात्र उघड्यावर झडती होते. त्याला जाणकार करा. पुढच्या आठवड्यात त्या मुलानं पट्टीचा कोयता करून बुडख्यापाशी कसं वाकायचं ते दाखवलं, वाढ्यानं मोळी कशी आवळायची ते दाखवलं, आणि गावातल्या दोन धटिंगणांना "आसं न्हाई, कंबर मोडंल" म्हणून दामटवलं. ते दोघं मुकाट ऐकत होते. डॉरथी हीथकोट नावाच्या इंग्रज शिक्षिकेनं मुलांना जाणकाराची भूमिका देऊन शिकवण्याची एक सबंध पद्धतच उभी केली. तुमच्या वर्गात तर भूमिका द्यायचीही गरज नाही, जाणकार खरेच आहेत.

नक्कल करण्याचा प्रश्नही इथंच हाताळता येतो. नक्कल बंद करा म्हणून ती बंद होत नाही. मी नियम घालतो: दुसऱ्याची बोली बोलायची तर ज्याची आहे त्यानं "बरोबर" म्हटलं पाहिजे. एकदम काम अवघड होतं. "कामून" कुठं लावायचं, हेल कुठं काढायचा, हे शिकायला त्या मुलाजवळ जाऊन बसावं लागतं. आणि उलटही करायचं: बीडच्या मुलांनी "काय कराय लागलाईस?" कोल्हापुरी ठसक्यात म्हणून दाखवायचं, गावच्या मुलांनी गुण द्यायचे. आपल्यालाही हेल आहे हे गावातल्या पोरांना पहिल्यांदा तेव्हा कळतं.

पंगतीचा प्रश्न मात्र सरळ पंगतीवर नाटक बसवून घेऊ नका, निदान सुरुवातीला नको. थोडं लांबून या. कोल्हापुरात त्यासाठी उत्तम सामग्री आहे. गंगाराम कांबळे यांचं चहाचं दुकान तुमच्या मुलांनी ऐकलेलं असेल. अस्पृश्य म्हणून ज्यांच्या हातचं कुणी घेत नसे त्यांच्या दुकानासमोर शाहू महाराज गाडी थांबवत, चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत, ही आठवण इथं पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. २६ जूनच्या शाहू जयंतीला शाळाशाळांतून हा प्रवेश होतो. फेटा बांधलेले महाराज चहा पितात, टाळ्या पडतात. मी महाराजांना पाच मिनिटं बाजूला बसवतो आणि गाडीतल्या बाकीच्यांना पुढं घेतो. कप हातात आलाय, महाराज बघतायत, रस्त्यावरचे लोक बघतायत, आणि घरी कळलं तर? त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवा आणि मनातलं बोलायला सांगा. मुलं काय काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. महाराज व्हायला सगळ्यांनाच आवडतं. मुलं रोज जगतात ती त्या कप धरलेल्या माणसाची अवस्था.

पुढच्या तासाला १९१९ मध्ये या. त्या वर्षी महाराजांनी संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. हुकूम निघाला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात कोण कुठं बसलं? मास्तर काय म्हणाले? घरून कोण काय सांगून आलं होतं? हा वर्ग पुतळ्यांनी उभा करा. त्याचा तुमच्या पंगतीशी संबंध आहे हे तुम्ही सांगू नका. कुणीतरी एक पोर दोन-तीन दिवसांनी स्वतःहून म्हणतं.

ते म्हटलं गेलं की मग पंगत घ्या. इथं ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांची रीत कामी येते. त्यांनी १९७०च्या दशकात ती रुजवली: प्रसंग वाईट शेवटापर्यंत करायचा, मग पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हणून एका पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं वागून बघायचं. मूळ रीतीत ज्याच्यावर अन्याय होतो त्याची जागा प्रेक्षक घेतो. शाळेत मी तसं करू देत नाही. ताट घेऊन उभ्या राहिलेल्या नव्या मुलाची जागा घेऊन "मी असा जोरात बोलेन, मी तसा बसेन" असं दाखवायचं म्हणजे सुधारायचं काम पुन्हा त्याच्याच गळ्यात. माझ्या वर्गात फक्त बघ्यांची जागा घेता येते: सरकून जागा न देणारा, हसणारा, आमटी वाढणारा, ताटात डोकं घालून बसलेला. मुलं आधी भाषण ठोकून बघतात, ते चालत नाही हे त्यांनाच दिसतं. मग कुणीतरी नुसतं बूड सरकवतं. "हे जमेल का उद्या?" एवढंच विचारा. जमलं नाही तरी हिशोब मागू नका.

चित्रकलेबद्दल थोडक्यात. चौघांत एकच मोठा कागद आणि दोनच ब्रश द्या, आणि गट मिळून काय काढायचं ते मुलांनाच ठरवू द्या. तुम्ही फक्त कोण कुणाला विचारतंय ते बघा. दुसरा चांगला विषय म्हणजे एकच जागा अनेकांच्या नजरेनं. पंचगंगेचा घाट काढायचा: एकानं धुणं धुणाऱ्या बाईच्या जागेवरून, एकानं म्हशी धुणाऱ्याच्या, एकानं अस्थी घेऊन आलेल्याच्या. चित्रं शेजारी लावली की नदी तीच असून प्रत्येक कागदावर वेगळं काय मोठं झालंय यावर आपोआप बोलणं निघतं. महापूर हा विषय मात्र जपून. २०१९ आणि २०२१ चं पाणी घरात आलेली मुलं शिरोळ-करवीरकडे वर्गावर्गात आहेत. कुणी स्वतःहून काढलं तर काढू द्या, तुम्ही विषय म्हणून देऊ नका.

गाण्या-वाजवण्यात लेझीम माझ्या सगळ्यात आवडीची. ती शाळेत असतेच, बोलावं लागत नाही, आणि शेजाऱ्याकडे न बघता ती करताच येत नाही. टोळीतली मुलं भाषेत मागं पडत असतील, इथं नाही पडत. लायपझिगमधल्या सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांच्या २०१०च्या अभ्यासात एकत्र गाऊन-वाजवून झाल्यावर चार वर्षांची मुलं एकमेकांना जास्त मदत करताना दिसली. दर फेरीला म्होरक्या बदला. आणि हलगी कुणाच्या हातात जाते तिकडं लक्ष ठेवा. "त्याला चांगली येते, घरचीच आहे" असं म्हणत ठरावीक घरातल्या पोराच्याच गळ्यात ती अडकवली जाते. ती सगळ्यांनी शिकायची, त्यालाही मन असेल तर लेझमीत पुढं उभं राहू द्यायचं.

या तासांत कधीतरी एखादं मूल खेळाच्या आडून स्वतःचं काही सांगून जातं, मार, उपास, कधी त्याहून वाईट. वर्गासमोर खोदून विचारायचं नाही. प्रसंग सहज दुसरीकडे वळवायचा आणि नंतर एकट्याशी बोलायचं. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. "मुख्याध्यापक बघतील" म्हणून सोडता येत नाही. बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक वर्गशिक्षकाच्या फोनमध्ये असलाच पाहिजे. तसंच, रोज मारहाण किंवा जातीवरून शिवीगाळ चालली असेल तर त्यावर नाटक हा उपाय नाही. तिथं शिक्षक म्हणून उभं राहायचं आणि त्याच दिवशी थांबवायचं.

ज्याला समोर यायचं नाही त्याला ओढू नका. हाताच्या इशाऱ्यानं पुतळे सुरू-बंद करायला एक माणूस लागतोच, पडद्यामागचे आवाज काढायला लागतो, चित्रं लावायला लागतो.

तास कुठून आणायचा? कलाशिक्षणाचा एक आठवड्याला मिळतो तो धरा. १९१९चा वर्ग इतिहासात बसतो, खुर्चीचा खेळ मराठीच्या कुठल्याही पाठाला चालतो. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत "अभिनय चांगला करतो" असलं काही लिहू नका. कुणाला काय प्रश्न विचारला, गटात कुणाचं ऐकून बेत बदलला, पंगतीत कुणाशेजारी बसला, हे तारीख घालून लिहा. अशा ओळी मार्चपर्यंत जमल्या की बदल झाला की नाही ते तुमचं तुम्हाला दिसेल, कुणाच्या प्रशिक्षणाची वाट बघावी लागणार नाही.

आणि कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी एक काम उरकून घ्या. ही मुलं परीक्षेच्या तोंडावर गावाकडं परततात, तेव्हा तिकडच्या शाळेत शिक्षण पुढं चालू राहावं म्हणून आपण शिक्षण हमी पत्रक देतो. त्याला एक वेगळा कागद जोडा, चार ओळींचा: या मुलानं आमच्या वर्गाला मोळी बांधायला शिकवली, खुर्चीतल्या मुकादमाला अमुक प्रश्न विचारला, लेझमीत तमुक फेरीला म्होरक्या होता. तिकडच्या मास्तरांना गुणांच्या रकान्यापेक्षा त्या चार ओळींतून मूल लवकर कळेल.